चेटकिणीचा झाडू आणि बुटका मेपल

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, की लोकलमध्ये नीट ऐकू येत नाही, लिहूनच टाका. म्हणून हा भाग वाचणाऱ्यांसाठी. बोललेलंच आहे, फक्त जिथे मी अडखळले तिथलं काढून टाकलंय.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करते. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेबारा वाजता, फोन हातात, झोप नाही, अशा अवस्थेत मी एका ऑनलाइन दुकानातून १९९ रुपयांना 'निळ्या जपानी मेपल बोन्साय'च्या वीस बिया मागवल्या. फोटोत गुडघ्याएवढं झाड, निळीशार पानं, खाली शेवाळ. पाकीट आलं. बिया आल्या. त्या मेपलच्या नव्हत्याच. मेपलच्या बीला एक पातळ पंख असतो, गिरगिरत खाली येतो तो. माझ्या पाकिटात मोहरीसारखं काहीतरी होतं. कुंडीत जे उगवलं ते माझ्या आईने ओळखलं आणि उपटून टाकलं.

निळा मेपल नावाचं झाड जगात नाही, हे मला नंतर कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट कळली. बिया समजा खऱ्या मेपलच्या असत्या, तरी फोटोतल्यासारखं नामांकित बुटकं झाड त्यातून आलं नसतं. आपल्याकडे कोकणातलं शेंबडं पोर सांगेल, की हापूसची कोय पुरून हापूस येत नाही, कलमच लागतं. इथेही तेच. आणि हे बुटके मेपल आले कुठून असं शोधायला गेले, तर त्यातल्या काहींच्या मुळाशी सापडला चेटकिणीचा झाडू.

हसू नका, खरंच तसं नाव आहे. मोठं, धडधाकट झाड असतं. त्याच्या एका फांदीवर मध्येच बारीक बारीक काड्यांचा दाट गुंता दिसतो. एखाद्या पक्ष्याने घरटं बांधावं किंवा कोणीतरी खराटा वर फेकावा आणि तो तिथेच अडकावा तसा. नीट पाहिलं तर ते घरटं नसतं, झाडाचंच अंग असतं. फांदीचा शेंडा मुकाट वाढायचा सोडून शंभर डोळे एकदम फुटलेले असतात. जर्मन लोकांनी त्याला 'हेक्सनबेझन' म्हटलं, म्हणजे चेटकिणीचा झाडू. रात्री उडून दमलेली चेटकीण फांदीवर टेकली आणि झाडू विसरून गेली, अशी समजूत. आता गंमत बघा. जपानमध्ये याच गुंत्याला म्हणतात 'तेंगू-सू'. तेंगू म्हणजे डोंगरात राहणारं लांब नाकाचं, पंखवालं भूत. सू म्हणजे घरटं. तेंगूचं घरटं! दोन टोकांची दोन माणसं, झाडावर विचित्र काहीतरी दिसलं की दोघांनाही भूतच आठवतं. आपण तरी कुठे वेगळे? पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर हडळ आपणच बसवलेली आहे.

भुताला झाडावरून खाली उतरवायला बराच काळ गेला. १८६७ साली अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की सिल्व्हर फर झाडावरचे झाडू एका तांबेरा जातीच्या बुरशीमुळे होतात. बर्चवर वेगळी बुरशी, चेरीवर तिची चुलत बहीण. काही ठिकाणी बांडगुळाच्या जातीची परजीवी झाडं हे करतात, काही ठिकाणी डोळ्यांना न दिसणारे कोळी. पण बऱ्याच झाडूंमध्ये बुरशी सापडायचीच नाही, मग 'विषाणू असेल' म्हणून फाइल बंद. बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, टोकियो विद्यापीठातल्या योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुजे झालेले तुतीचे रोप आणि पाउलोनियाचे झाडू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवले. झाडाच्या अन्नवाहिन्यांमध्ये त्यांना विषाणू नाही, तर कवच नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. तुती आजारी म्हणजे रेशीम आजारी, त्यामुळे जपानला हा शोध नुसता कुतूहलाचा नव्हता. पुढे तिथल्याच संशोधकांनी या जिवाणूचं एक छोटंसं प्रथिन पकडलं, जे झाडाला भसाभसा फुटवे काढायला लावतं. त्याला नाव काय दिलं? तेंगू. शास्त्रज्ञांनाही भूत सोडवत नाही.

इथे मला माझा मामा आठवला. साताऱ्याकडे त्याची शेती आहे. मी शाळेत असताना त्याच्या वांग्याच्या वाफ्यात एक रोप मला फार आवडलं होतं. बारीक बारीक पानांचा गोल, गच्च गुच्छ. अगदी शोभेच्या कुंडीत ठेवावं असं. मी म्हटलं, मामा, हे किती छान आहे. तो म्हणाला, "छान कसलं? रोगट हाय ते. नुसतं माजलंय, वांगं काय धरायचं नाय त्याला. उपट आधी." त्याला पर्णगुच्छ म्हणतात. कृषी पत्रिकांमध्ये हा शब्द तुम्ही वाचला असेल. कारण तेच, फायटोप्लाझ्मा, आणि तो पसरवतो तुडतुडा. म्हणजे चेटकिणीचा झाडू मी लहानपणीच हातात धरला होता, फक्त तो वांग्यावर होता.

आणि उलटी गोष्टही ऐका. नाताळात कुंडीत येतं ते लाल पानांचं पॉइन्सेटिया, आखूड आणि भरगच्च. ते तसं भरगच्च का होतं, तर त्याच्या अंगात एक फायटोप्लाझ्मा आहे म्हणून. १९९७ मध्ये हे सिद्ध झालं. तो काढून टाकला तर झाड लांबुळकं होतं आणि कोणी विकत घेत नाही. मामा जे उपटून जाळायला सांगतो, तेच कुणीतरी चांदीचा कागद लावून विकतंय.

आता मुद्द्याचं. काही झाडू असे असतात, की ज्यांच्यात बुरशी नाही, जिवाणू नाही, कोळी नाही, कुणीच नाही. झाड ठणठणीत. झालेलं असतं इतकंच, की एका डोळ्यातल्या वाढणाऱ्या पेशीत जनुकीय बदल घडला आणि त्या डोळ्यातून जे जे फुटलं त्या सगळ्याने तो बदल उचलला. नेहमी फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, मोठ्या भावासारखा, 'मी वाढतोय, तुम्ही गप बसा'. या फांदीत मोठ्या भावाचा धाक संपतो. सगळे एकदम फुटतात, आणि सगळेच बुटके राहतात. दोन पानांमधलं अंतर बोटभराऐवजी नखाएवढं होतं. ही फांदी कापून दुसऱ्या खुंटावर बांधली, तर झाडूचं झाड होतं.

पण हा बदल आहे की रोग, हे बघून कळत नाही. प्रयोगशाळेत रोगाची तपासणी होते, ती वेगळी. पण फांदी पुढे कशी वागेल, हे कलम करून, वर्षानुवर्षं वाट बघूनच कळतं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त हेच आवडतं आणि हेच छळतंही.

चला जपानला. तिथे मेपलला 'कायदे' म्हणतात, आणि हा शब्द 'कायेरु-दे'वरून आला. कायेरु म्हणजे बेडूक, ते म्हणजे हात. बेडकाचा पंजा! पानाकडे बघा, पटेल. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात हे जुनं रूप सापडतं. लाल झालेल्या पानांना 'मोमिजी' म्हणतात आणि ती बघायला डोंगरात जाण्याला 'मोमिजी-गारी', शब्दशः पानांची शिकार.

खरी धमाल झाली एदो काळात. एदो म्हणजे आजचं टोकियो. शोगुनच्या हुकमाने देशभरच्या सरदारांना आलटूनपालटून एदोत राहावं लागायचं. प्रत्येकाचा वाडा, प्रत्येक वाड्याला बाग, आणि शेजाऱ्याच्या बागेपेक्षा माझी भारी असली पाहिजे हा रोग तेव्हाही होता. ही भूक भागवायला शहराच्या कडेला सोमेई नावाचं माळ्यांचं गाव उभं राहिलं. तिथल्या इतो घराण्यात कर्त्या पुरुषाने 'इहेई' हेच नाव घ्यायची रीत होती. त्यातल्या एका इहेईने १७१० मध्ये छापलेल्या बागकामाच्या पुस्तकात मेपलच्या ३६ प्रकारांची नावं दिली. १७१० म्हणजे आपल्याकडे थोरले शाहू महाराज साताऱ्याला नुकतेच गादीवर बसलेले, आणि तिकडे एक माळी बसून पानांच्या तऱ्हा मोजतोय.

या लोकांची नजर वेगळी होती. बागेत एखादं रोप विचित्र निघालं, पानावर पांढरे पट्टे आले, पाकळ्या वेड्यावाकड्या झाल्या, की आपण म्हणतो बिघडलं. ते म्हणायचे, थांब, हे वेगळं ठेव. १८२९ मध्ये मिझुनो नावाच्या एका सामुराईने निव्वळ अशा चित्रविचित्र पानांच्या झाडांवर सचित्र ग्रंथ काढला. खुज्या, दाट डोळ्यांच्या झाडांनाही त्यांनी नाव दिलं, 'यात्सुबुसा', म्हणजे आठ झुबके, आठ म्हणजे पुष्कळ या अर्थी. सगळे यात्सुबुसा झाडूतून आलेले नाहीत हं, कितीतरी बियांच्या रोपांतून निवडलेले आहेत. पण फांदीवर असा झुबका दिसला तर तो फेकून न देता जपायचा, ही सवय तिथे मुरलेली होती. बोन्साय करणाऱ्याला असं झाड म्हणजे अर्धं काम झालेलं.

आणि नियतीचा विनोद ऐका. याच सोमेई गावाच्या नावावरून 'सोमेई योशिनो' हा चेरी ओळखला जातो, वसंतात तुमच्या इन्स्टावर गुलाबी पूर येतो तो. तोही कलमानेच वाढवलेला, सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला. आणि त्याला जो रोग सर्वांत जास्त छळतो तो तेंगू-सू. बुरशीचा, खराखुरा रोग. झाडू झालेल्या फांदीवर फुलांऐवजी नुसती पानं येतात, म्हणून माळी हिवाळ्यात शिड्या लावून त्या कापत फिरतात. एकाच गावाच्या वारशात एक झाडू जपायचा आणि एक झाडू जाळायचा.

बाहेरच्या जगाला हे झाड कळलं ते एका थापेबाज डॉक्टरमुळे. कार्ल पेटर थुनबर्ग, स्वीडिश, लिनियसचा विद्यार्थी. जपानने तेव्हा युरोपियनांपैकी फक्त डचांना थारा दिला होता, तोही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या टीचभर कृत्रिम बेटावर. मग हा गडी केपटाउनला तीन वर्षं राहून डच भाषा शिकला आणि १७७५ मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून उतरला. बेटाबाहेर पडायला परवानगी लागायची, म्हणून बेटावरच्या जनावरांसाठी रोज जो चारा यायचा त्यातून तो वनस्पती वेचत बसायचा. गुरांच्या तोंडचा घास काढून शास्त्र! पुढच्या वर्षी शोगुनच्या भेटीला जाताना हाकोनेच्या डोंगरात त्याला थोडं फिरता आलं. १७८४ मध्ये त्याने मेपलला नाव दिलं 'एसर पाल्मेटम', तळव्यासारख्या पानाचं. जपान्यांना बेडकाचा हात दिसला, त्याला माणसाचा.

१८५० च्या दशकात जपानचे दरवाजे उघडले. १८६० मध्ये स्कॉटिश वनस्पतीशोधक रॉबर्ट फॉर्च्युन सोमेईला गेला आणि विक्रीच्या झाडांचा एवढा पसारा जगात कुठे पाहिला नाही असं लिहून ठेवलं. १८९० मध्ये योकोहामा नर्सरी कंपनी निघाली आणि मेपलच्या कुंड्या जहाजांनी अमेरिका-युरोपला जाऊ लागल्या. न्यूयॉर्कजवळ फ्लशिंगला ब्लडगुड घराण्याची जुनी नर्सरी होती. त्या नावाचा गडद लाल मेपल पुढे इतका लोकप्रिय झाला, की अमेरिकेतल्या निम्म्या गल्ल्यांमध्ये तो असावा असं वाटतं. हे नाव लक्षात ठेवा.

मग युद्ध. यावर मी जास्त बोलणार नाही, पण थांबावं लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये बागांच्या जमिनीवर धान्य आणि भाज्या लावल्या गेल्या, झाडं सरपणाला गेली, टोकियोवर बाँब पडले. जुन्या याद्यांमधली कितीतरी मेपलची नावं आज फक्त नावं आहेत. पुस्तकात वर्णन आहे, झाड नाही. बिया असलेल्या वाणाचं एक वेळ ठीक आहे, कुठेतरी मडक्यात दाणे उरतात. कलमाचा वाण म्हणजे एक जिवंत साखळी. एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काडी जायला हवी. दोन-तीन हिवाळे कुणी कलम बांधलं नाही आणि मूळ झाड चुलीत गेलं, की संपलं. उपाशी घरात कुणी मेपल का तोडला, असं विचारायची माझी छाती नाही. मीही तोडला असता.

नंतरची बरीच मोजदाद अमेरिकेत झाली. ओरेगॉनमधल्या रोझबर्गला जे. डी. व्हर्ट्रीस नावाचे गृहस्थ होते, शिक्षणाने कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी जमतील तितके वाण गोळा केले, जपानी नावांचा गोंधळ सोडवला आणि १९७८ मध्ये 'जॅपनीज मेपल्स' हे पुस्तक काढलं. त्यानंतर नर्सरीवाल्यांना कळलं, की आपल्याकडे नक्की काय आहे.

आणि याच काळात झाडू शोधणाऱ्यांची एक जमात तयार झाली. यात माझा लाडका माणूस म्हणजे सिडनी वॅक्समन, कनेक्टिकट विद्यापीठातले प्राध्यापक. ते पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांवरचे झाडू गोळा करायचे. शेंड्यावरचा झाडू काढणार कसा? हे गृहस्थ रायफल घेऊन जायचे आणि गोळी घालून पाडायचे. प्राध्यापक, हातात बंदूक, मान वर! झाडूवरच्या शंकूंमधलं बी त्यांनी पेरलं. अशा बियांतून साधारण निम्मी रोपं बुटकी आणि निम्मी नेहमीसारखी निघतात. म्हणजे बदल रोगाचा नाही, रक्तातला आहे, याचा हा पुरावाच.

मेपलला बंदूक लागत नाही, थंडी लागते. पानं गळली की उघड्या फांद्यांमध्ये गुंता दिसतो. असाच 'ब्लडगुड'वर एक झाडू सापडला, त्यातून 'स्कीटर्स ब्रूम' आला. ब्रूम म्हणजे झाडू, नावातच जन्मदाखला. हे झाड उभट, दाट, वसंतात लालभडक. 'ब्लडगुड'च्याच दुसऱ्या एका झाडूतून 'शायना' आला, तो गोलसर, चेंडूसारखा. मूळ झाड दुमजली घराच्या उंचीला भिडतं, त्याची ही लेकरं वर्षानुवर्षं माणसाच्या उंचीच्या आसपास रेंगाळतात. आई एक, जनुकांची चूक वेगवेगळी.

हे वाढवतात कसं, ते थोडक्यात सांगते, कारण इथेच खरी कसोटी आहे. साध्या मेपलच्या बियांपासून दोन वर्षांचा खुंट तयार करायचा. भर हिवाळ्यात तो काचघरात आणून मुळांना जरा जाग आणायची. मग झाडूची काडी घ्यायची. आणि काडी मिळतच नाही! वर्षाला बोटभर वाढणाऱ्या झाडावर काडेपेटीतल्या काडीएवढी कलमकाडी मिळाली तरी नशीब. खुंटाच्या बाजूला तिरपा काप, काडीला तसाच काप, सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला टेकवायचा, रबरी पट्टी, वर मेण. मग दमट हवेत काही आठवडे वाट. कोकणातला कलमं बांधणारा माणूस हे बघून म्हणेल, यात नवीन काय? नवीन काहीच नाही. फक्त काडी एवढीशी आणि मूळ झाडू एकच.

जगलं तरी पहारा संपत नाही. कलमाच्या खालून खुंटाचा फुटवा आला की काढायचा. आणि मध्येच झाडूतून एखादी फांदी सरळ, लांब, जोरकस निघते. झाडाला जुनं रूप आठवलेलं असतं. ती फांदी दिसायला सगळ्यांत निरोगी दिसते, आणि तीच कापावी लागते, नाहीतर चार-पाच वर्षांत ती बुटक्या भागाला झाकून टाकते. नायट्रोजनचं खत जास्त घातलं तर हे लाड अजून वाढतात. आतल्या गर्दीत काड्या वाळतात, त्या हिवाळ्यात बोटांनी झटकायच्या, नाहीतर वारा खेळत नाही आणि बुरशी धरते. मुळं वरवरची, म्हणून पाण्याचा निचरा हवा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन हवं, दुपारचं ऊन नको.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. 'ताई, पुण्यात येईल का?' या झाडाला कडक थंडीची झोप लागते. पानं गाळून दोन-तीन महिने गारठ्यात पडून राहायचं, मगच वसंतात उठायचं. आपला जानेवारी त्याला दुपारची डुलकी वाटेल, आणि एप्रिल-मे मध्ये पानांच्या कडा करपतील. महाबळेश्वरला हौस म्हणून कोणी प्रयत्न करेल, पण बाल्कनीत नाही. आणि बियांच्या पाकिटातून तर कुठेच नाही.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. झाडू, तेंगू, बंदूक, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मग त्या लोकांना कसं कळतं, कुठला उपटायचा आणि कुठला ठेवायचा?"

मी म्हटलं, "कलम बांधून वाट बघतात."

"किती?"

"पाच वर्षं, दहा वर्षं."

तो हसला. म्हणाला, "माझं वांगं सहा महिन्यांचं." आणि वाफ्यात वाकून त्याने एक गुच्छाळलेलं रोप उपटलं, दोन्ही हातांनी, मुळासकट.